रिकामा केलेला डबा

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला गर्दीत अडकलेलो. वैनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले हो... झोपेतच." खरं सांगतो, दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं कोणाला? चार वर्षं मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवली होती.

हरेश खाडीकाठच्या गावचा, त्याची आई मिठागरात राबलेली. वर्तकनगरच्या आपल्या खोलीत तो शाळांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून पुन्हा चालते करायचा. दर रविवारी मी डोंबिवलीहून मदतीला जायचो. लिनक्समध्ये पडद्याची मांडणी आपापल्या आवडीची निवडता येते. एकाच मशीनवर त्याची एक, माझी दुसरी. पूर्वी प्रत्येक मांडणीचा कचऱ्याचा डबाही वेगळा असायचा, एकीत टाकलेली फाइल दुसरीत दिसायचीच नाही. मग ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून ठरवलं की डबा सगळ्यांचा एकच, ठरलेल्या जागी, आणि प्रत्येक फाइलसोबत एक चिठ्ठी... कुठून आली, कधी टाकली. शाळांसाठी हरेश फाइली डब्यात टाकायचा आणि परत काढायचा जो छोटा प्रोग्राम लिहीत होता, त्याने हा नियम पाळलाच पाहिजे म्हणून तो इरेला पेटलेला. "अरे, घर एक तर डबा एक नको?" त्यावर वैनी आतून म्हणायच्या, "घरातला डबा कधी उचलला नाही, आणि याचं बघा कौतुक!"

चाचणीसाठी एका रविवारी त्याने डब्यात काय टाकावं? आईची रेकॉर्डिंगं. मिठागरातल्या दिवसांबद्दल ती आपल्या बोलीत बोललेली. आई वारली होती, ज्यात रेकॉर्ड केलं तो मोबाइल बिघडलेला, आणि जगाला प्रती काढायला सांगणाऱ्या या माणसाने स्वतः एकही काढली नव्हती. "येडा झालास का? दुसरं काहीतरी टाक," मी म्हणालो. "स्वतःचं ठेवल्याशिवाय खात्री कशी पटणार रे? रात्री परत काढतो. तू फक्त डबा रिकामा करू नको."

तो टेंभी नाक्याला कोणाचं तरी मशीन पोचवायला गेला. मी एक मोठी फाइल उतरवत होतो, तर डिस्क भरली. माझ्या पडद्यावर डबा दिसला. माझाच कचरा समजून मी तो... नाही, हेही खोटं. यादीत 'आई' हे नाव मी वाचलं होतं. वाचलं, आणि तरी घाईत हात पुढे गेला. कायमचं काढायचं? हो.

तिथेच थांबलो असतो, मशीन बंद करून त्याला फोन केला असता, तर कदाचित काही परत मिळालं असतं. पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर दुसरं लिहिलं गेलं की जातं. मला हे पक्कं माहीत होतं. तरी फाइल उतरू दिली, कारण बंद मशीन बघून त्याने विचारलं असतं.

तो आला. डबा उघडला. बंद करून पुन्हा उघडला. "माझ्याच प्रोग्राममध्ये घोळ असणार," तो म्हणाला. मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर दर रविवारी माझ्यापुढे चहा ठेवून तो विचारायचा, "सापडलं का रे तुला काही?" मी मान खाली घालून "नाही रे" म्हणायचो. चार वर्षं.

तेराव्यानंतर वैनींनी ते मशीन माझ्या हवाली केलं. घरी आणून, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच, मी डबा उघडला. तळाशी हरेशची एक फाइल होती, तो घोळ शोधताना केलेल्या नोंदींची. शेवटची ओळ अशी: 'प्रोग्राम बरोबर आहे. डबा हाताने रिकामा केलाय.' चिठ्ठीवर टाकल्याची तारीख होती. त्या रविवारनंतरचा बुधवार.

म्हणजे तीन दिवसांत त्याचं शोधून झालं होतं. पुढची चार वर्षं तो मला संधी देत होता...

हे छापायला देण्याआधी वर्तकनगरला जाऊन वैनींना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सासूबाईंचा आवाज मलाही हवा होता, भाऊ." चहा ठेवायला त्या उठल्या नाहीत.

मशीन आता माझ्या टेबलावर आहे. कोपऱ्यात डबा भरलेला दिसतो. तो रिकामा करायला माझा हात धजत नाही.