थांबायची जागा

ह्यांनी आयुष्यभर सनई हातात धरली, पण एकही गाणं वाजवलं नाही. गाणं माझे थोरले दीर वाजवायचे. हे त्यांच्या डाव्या बाजूला बसून सूर धरायचे. सूर म्हणजे सनईच, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली. तिच्यातून एकच आवाज निघतो आणि दीर सनई खाली ठेवीपर्यंत तो थांबवायचा नसतो. गालात हवा साठवायची आणि ती सोडता सोडताच नाकाने नवी आत घ्यायची. आमच्या गावाकडे लग्नात सूर मध्येच तुटला तर अपशकुन मानतात. मग नारळ फोडून सनई परत पहिल्यापासून लावायची. ह्यांचा सूर कधी तुटला नाही. कोपरीच्या एका कार्यालयात मांडवाचा पडदा पेटला होता. माणसं बाहेर पळाली, आणि हे दीर सनई कधी ठेवतात याची वाट बघत बसून राहिले. दीर ही गोष्ट सांगून हसायचे. मला तेव्हाही हसू आलं नाही.

दीर गेले आणि सूर फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. मग एक दिवस नौपाड्याहून एक सर आमचं आंबिवलीचं घर शोधत आले. ते सॅक्सोफोन वाजवतात, शिकवतातही. त्यांनी कधीतरी एका लग्नात ह्या दोघांना ऐकलं होतं. त्यांना आपले राग जॅझच्या चालीने वाजवायचे होते आणि खाली ह्यांचा सूर हवा होता. मोबाईलमधला सूर श्वास घेत नाही, असं म्हणाले. जॅझमध्ये थोडंच ठरलेलं असतं, बाकी तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवायचं, हेही त्यांनीच सांगितलं. ह्यांना ते पटकन कळलं. दादापण तसंच करायचा, एवढंच बोलले.

एक कार्यक्रम ठरला आणि दर रविवारी सर नि त्यांचा तबलेवाला आमच्या बाहेरच्या खोलीत तालमीला यायचे. सॅक्सोफोनचा आवाज पहिल्या दिवशी मला म्हैस हंबरावी तसा वाटला. नंतर नंतर तो माणसाचा वाटायला लागला, आणि तेच मला बरं वाटेना. सर मारवा घ्यायचे. त्या रागात गाणं घरी, म्हणजे सा वर, यायचं नावच काढत नाही. सॅक्सोफोन घराभोवती फिरत राहायचा, दाराशी येऊन परत जायचा, आणि ह्यांचा सा खाली एकटा वाट बघत राहायचा. मी पडद्याआड उभी असायची. हातातली भाजी निवडायची तशीच राहायची.

ह्यांना दम लागत होता. जिना चढताना, बादली उचलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं फुगलीत, आता फुंकायचं काम बंद, असं त्यांनी सांगितलं. घरी येताना हे म्हणाले, मी फुंकत नाही, सूर धरतो.

मी परक्या माणसाशी बोलत नाही. चहासुद्धा ह्यांच्या हातून बाहेर पाठवते. पण त्या रविवारी हे वडे आणायला खाली गेले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं, “सर, ह्यांना दम लागतो. डॉक्टर नको म्हणालेत.”

सरांनी कप खाली ठेवला. हे वर आल्यावर त्यांनी, काका, कार्यक्रम रद्द करू, म्हणून सांगितलं. हे ऐकेनात. शेवटी असं ठरलं, की मध्ये एक थांबायची जागा ठेवायची. सर सॅक्सोफोन खाली घेतील, तबला थांबेल, ह्यांनीही सूर थांबवायचा. हवा तेवढा वेळ दम खायचा, मग पुढे. जॅझमध्ये अशी शांतताही वाजवण्यातच धरतात, असं सर म्हणाले.

सर गेल्यावर मला म्हणाले, “लग्नापासून पहिल्यांदा बाहेरच्या माणसाशी बोललीस, ते माझी चुगली करायला.” मी वडे ताटलीत काढत होते. मग म्हणाले, “आणि सूर मध्येच थांबवायचा? का, कोण गेलंय?”

तालमीत ते त्या जागेवर थांबायचे. पण परत सुरू करण्याआधी सनई कपाळाला लावायचे, जशी काही नवीनच बैठक असावी.

कार्यक्रम ठाण्यात होता. मी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मारवा बराच चढला आणि ती जागा आली. सरांनी सॅक्सोफोन खाली घेतला. तबला थांबला. ह्यांचा सूर थांबला नाही.

सरांनी वळून बघितलं. हे समोर बघत होते, गाल भरलेले. लोकांत कुजबुज झाली, कोणीतरी वा म्हणालं. सर हसले. काकांना काहीतरी सुचलंय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी परत सॅक्सोफोन उचलला आणि तबलाही लागला. आता पुढे थांबायची जागाच नव्हती. मला ह्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. सूर बारीक होत चालला होता, पण वर सॅक्सोफोन एवढा भरून वाजत होता की ते कोणाला कळायचं? मी पिशवीचे बंद हाताला गुंडाळत होते.

मग सूर तुटला.

सर लगेच थांबले. काकांनी ती शांतता आता घेतली, असं त्यांनी धरलं. सगळं नाट्यगृह गप्प झालं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. मी उठले. शेजारची बाई म्हणाली, “बसा ना काकू, अजून आहे.”

मी ओरडले, “अहो, श्वास घ्या!”

टाळ्या विरल्या. सर माझ्याकडे बघत होते, मग वळले. हे ताठ बसले होते, सनई ओठांतच होती.

हॉस्पिटलमधून घरी आलो ते मशीन घेऊनच. ते हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीने नाकात सोडतं. दिवसभर, रात्रभर एकाच आवाजात घुमतं. सर भेटायला आले तेव्हा त्यांना मान वर करवत नव्हती. म्हणाले, मला वाटलं तुम्ही वाजवताय. हे म्हणाले, वाजवतच होतो.

नंतर ह्यांनीच त्यांना मशीनचा सूर सांगितला. पेटीवरची काळी एक, थोडी उतरलेली. तेव्हापासून सर रविवारी येतात आणि मशीनच्या घुमण्यावर हळू आवाजात मारवा धरतात. हे डोळे मिटतात. सवयीने गाल फुगतात, मग मी जाऊन गालावर बोट ठेवते. सॅक्सोफोन मी ऐकत नाही. त्याच्या खालचं मशीन ऐकते. आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. दारामागे ऑक्सिजनचा सिलिंडर उभा आहे, त्याची चावी फिरवायला आणि किती उरलाय ते काट्यावर बघायला मी शिकले आहे.

गेल्या रविवारी मारव्याच्या मध्येच लाईट गेली. पंखा मंदावला, मशीन बंद पडलं. सरांच्या तोंडातला सूर तिथेच अडला. मी नळी काढून सिलिंडरला लावली, चावी फिरवली. बारीक फुसफुस सुरू झाली. तिला सूर नसतो.

ह्यांनी डोळे उघडले. एकेक शब्द ओढत म्हणाले, “तुटला. पहिल्यापासून लावा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी अगदी हळू, खाली काहीच नसताना, पहिल्यापासून सुरुवात केली. लाईट आली नव्हती. मी सिलिंडरला धरून उभी होते आणि काट्याकडे बघत होते. काटा खाली येत होता.