सव्वा वर्षाचं सुतक

खरं सांगते, तेव्हा मी देवाशी बोलत नव्हते. मालक जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. सुतकात झाकलेला देव्हारा लोक तेराव्यानंतर उघडतात. मी उघडलाच नाही. त्या सकाळी ते म्हणाले होते, "छातीत कसंतरीच होतंय गं." मी म्हणाले, "पित्त असंल. एवढी आरती होऊ द्या, मग जाऊ दवाखान्यात." आरती अर्धी झाली आणि ते भिंतीला टेकत खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी मारलं त्यांना, हे एक वाक्य मी सव्वा वर्ष गिळत होते. पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नाही.

एक दिवस बीपीच्या गोळ्यांसाठी शहागंजातून चालत सरकारी दवाखान्यात गेले आणि रांग समजून भलत्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसले. आतून हाक आली. मनाच्या दुखण्याची खोली आहे हे कळल्यावर मी तडकले, "अगं बाई, मी काय येडी हाय व्हय?" समुपदेशक म्हणजे डोक्यावरून ओढणी घेतलेली मुसलमानाची तरणी पोर. ती हसली. "नाय मावशी. पण आलाच आहात तर चहा तरी घ्या." चहा संपेस्तोवर सगळं ओकून मोकळी झाले. तोंड कसं उघडलं, देव जाणे.

मला वाटलं, आता ही म्हणणार, तुमची काय चूक? तसलं बोलणं मला नको होतं. तिनं एवढंच विचारलं, "आरती चालू असताना काका काय करत होते?"

"घंटी वाजवत होते," मी म्हणाले, आणि बोलता बोलता आठवलं. मी मधेच थांबून विचारलं होतं, "लई दुखतंय का?" तर तेच म्हणाले होते, "म्हण तू. अर्धी सोडू नये." हे मी विसरले कशी? दोष तेवढा जपून ठेवला आणि त्यांचा शेवटचा शब्द हरवून बसले. तिच्या टेबलावर डोकं ठेवून मी हंबरडा फोडला. ती पोर माझा हात धरून बसून राहिली.

पुढं चार-पाच महिने दर मंगळवारी जात राहिले. दुःख गेलं नाही, जाणारही नाही. उशीर झाला तो झालाच. पण निवाडा करायचं काम माझं नव्हतं, ते उगाच डोक्यावर घेऊन बसले होते, एवढं कळलं. त्या बाकावर मला कुणी बसवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्याचे आणि त्या पोरीचे उपकार मात्र फिटायचे नाहीत.

देव्हाऱ्यावरचं फडकं काढलं. पितळी देव काळेठिक्कर पडले होते, चिंचेनं घासले. आता रोज दिवा लावते, घंटी हातात घेते, आरती म्हणते. ते खाली बसले त्या ओळीपाशी अजून आवाज निघत नाही. मग घंटी खाली ठेवते, हात जोडते आणि म्हणते, "देवा, उरलेली तू म्हण."