साडूची गाडी बघवत नाही

गिअरदादाला साडूची गाडी बघवत नाही, हे त्याच्या बायकोला पहिल्या दिवशीच कळलं होतं. साडू नवी कोरी गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आला आणि म्हणाला, "दादा, हिला गिअरच नाहीत. नुसता पाय ठेवायचा, की लोण्यासारखी जाते." ज्याचं सगळं आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात गेलं, ज्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, त्याच्यापुढे हे बोलायचं म्हणजे जखमेवर मीठच. दादाने चक्कर मारून पाहिली. धक्का नाही, हिसका नाही, कुरकुर नाही. शेजारी साडू गालातल्या गालात हसत बसलेला. दादाचा जळून कोळसा झाला.

"हिचं तेल कधी बदलायचं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शोरूमवाले म्हणाले, जन्मभराचं आहे. हात लावायचा नाही."

कुठलंच तेल जन्मभर पुरत नाही, हे दादाला ठाऊक होतं. या गाडीत दातेरी चाकांच्या जागी दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पोलादी पट्टा. सगळी भिस्त तेलावर. तेल जळून काळं पडलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि मग बॉक्सच बदलायची पाळी येते. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण दादा म्हणाला, "त्यांना काय, सगळं कळतं," आणि हात पुसत आत गेला.

त्या दिवसापासून तो वाट बघू लागला. जेवताना बायकोला म्हणायचा, "तुझ्या बहिणीला सांगू नकोस, पण तेल न बदलता ती गाडी किती धावणार? एक दिवस पट्टा घसरेल आणि दोरीला बांधून माझ्याच दारात येईल." बायको ऐकत ऐकत वाढत राही. गाडी मात्र वर्षामागून वर्षं पळत होती. "घाट चढलेला कळलासुद्धा नाही," असं साडू सांगू लागला, की दादाच्या घशाखाली चहा उतरत नसे.

अखेर एका सकाळी साडू तोंड पाडून आला. "दादा, घूं घूं आवाज येतोय. आमचा मेकॅनिक गावाला गेलाय, म्हणून म्हटलं..."

दादाने पुढचं ऐकलंच नाही. "बॉक्स गेला," गाडीकडे न बघताच त्याने निदान करून टाकलं. गाडी लिफ्टवर चढवली, खाली डबा धरला आणि तेलाचं बूच सैल केलं. काळंकुट्ट तेल बघायला तो आसुसला होता. आलं ते नितळ, कालच भरल्यासारखं. त्याने बूच घट्ट केलं आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. आवाज चाकाच्या बेअरिंगचा होता.

"तेल कुणी बदललं?"

"आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक बदलतो, वेळच्या वेळी. तुमच्या घरच्या ताईंनीच सांगितलं होतं, नाहीतर पट्टा घसरेल म्हणून."

"मग माझ्याकडे का नाही आणलीत?"

साडू ओशाळला. "ताई म्हणाल्या, ह्यांना तुमची गाडी बघवत नाही. मला वाटलं, नजर अधू झाली असेल, कशाला त्रास द्यायचा. पण मी कुणापाशी बोललो नाही हो. तुमच्या धंद्याचा प्रश्न."

इकडे आड, तिकडे विहीर. डोळे ठणठणीत आहेत म्हणावं तर मन उघडं पडतं. गप्प बसावं तर गिअरदादा आंधळा ठरतो. त्यात त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा त्याला असा काही हेवा वाटला, की साडूचा विसरच पडला. ज्ञान दादाचं, आणि इतकी वर्षं नाव मात्र त्या मेल्याचं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पुढच्या वेळी तेलाला इथंच आणा," दादा साडूला म्हणाला.

"बघवेल का?" बायकोने विचारलं.

"बघवणार नाही," दादा म्हणाला. "पण बघीन."