मनगटावरचं आठ दिवसांचं नाव

साखरपुडा झाला आणि थोड्याच दिवसांत अकोल्याहून त्याचा फोटो आला. मनगटावर माझं नाव गोंदलेलं, भोवतीची कातडी लाल, सुजलेली. खाली लिहिलं होतं, आता तुझी पाळी.

मी हसण्यावारी नेलं. मग त्याच्या आईचा फोन आला. लग्नाआधी सुनेच्या हातावर नवऱ्याचं नाव हवं, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, एवढ्याशासाठी सोयरीक मोडतं का कोणी? आई स्वतःच्या हातावरचं गोंदण चोळत बसली. तिला लहानपणी बायकांनी धरून गोंदलं होतं. रडून रडून ताप आला होता म्हणे.

अमरावतीला तेव्हा एका प्रदर्शनात एअरब्रश टॅटूचा स्टॉल होता. सुई नाही, रक्त नाही. तिथल्या मुलीनं मनगटावर साचा चिकटवला, पेनासारख्या नळीतून रंगाचा गार फवारा मारला आणि बघता बघता त्याचं नाव उमटलं. आठवडाभर टिकेल, म्हणाली. मी फोटो पाठवून दिला. कायमचं आहे का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बस्त्याला ते लोक अमरावतीला आले, तोवर नावाची दोनच अक्षरं उरली होती, तीही फुटकी. भर दुकानात त्यानं माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं घासून पाहिलं.

"तुनं मले फसवलं."

"तुमाले नाव पाह्यजे होतं, काढलं. जल्मभराचं पाह्यजे होतं तं मले अगुदर इचारा लागत होतं."

त्यानं हात सोडला नाही. साड्यांच्या ढिगाजवळ बसलेली आई उठली.

"हात सोडा तिचा," ती म्हणाली. "माह्या हातावर गोंदलं तवा मले कोनी इचारलं नाई. हिले इचारल्याबिगर काई होनार नाई."

आम्ही साड्या तिथंच टाकून घरी आलो. लग्न मोडल्याचा निरोप मध्यस्थानं आणला. बाबा बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढे मामेबहिणीचं लग्न निघालं, तेही अकोल्यातच. लोक बोलतील, जाऊ नको, असं सगळ्यांनी सांगितलं. मी त्या स्टॉलवालीचं घर शोधलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत काळा, नांगी उगारलेला विंचू काढून घेतला. बाबांनी पाहिला. त्यांनी सरळ गाडी काढली.

मांडवात एका मावशीनं माझा हात ओढून घेतला आणि आता कोणाचं नाव लिहिलं, म्हणून विचारलं.

"नाव नाई, मावशी. इचू हाय."

तिनं हात सोडला. पंगत बसत होती. मी पहिल्याच ओळीत जाऊन बसले.