साहेबांना तीन, अक्काला एक

माझी आई चाळीसगावच्या एका सूतिकागृहात आया होती. चादरी धुताना त्यात राहिलेली सुई बोटात घुसायची. आई बोट पदराला पुसायची आणि पुढची चादर घ्यायची. तिला कावीळ झाली, काम सुटलं. वडिलांच्या हमालीवर घर चालेना. कित्येक दिवस आम्ही भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खाल्ली. त्याच घरातून मी बी.एस्सी. नर्सिंग झाले. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी छाती पुढे काढून सांगते.

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका रुग्णालयात सिस्टर ट्यूटर होते, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी. तिथे स्टाफसाठी हिपॅटायटिस बीची लस आली. ही रक्तातून पसरणारी कावीळ. लस तीनदा घ्यायची: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिन्ही डोस झाले तरच भरवसा.

लस महाग, त्यामुळे मोजकीच आली. हेडक्लार्क नानांनी वाटप ठरवलं आणि रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी सही केली. अधिकाऱ्यांना तीन डोस, वर्ग तीनच्या सिस्टर-लॅबवाल्यांना दोन, वर्ग चारच्या सफाईवाल्यांना एक. स्वतःचं नाव नानांनी अधिकाऱ्यांत बसवलं होतं.

मी ऑफिसात गेले. "नाना, ही लस आहे, प्रवासभत्ता नाही."

"ग्रेडप्रमाणे दिलं की तक्रार येत नाही, सिस्टर."

"अहो, एका डोसचा भरवसा नाही!"

"म्हणून तर एकच दिला. वाया गेला तर एकच जाईल."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "प्रत्येकाला काहीतरी मिळतंय ना? मग नाराजी कसली?"

बाहेर वॉर्डातली सफाईवाली अक्का उभी होती. वापरलेल्या सुया रोज तीच उचलायची. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा सायबस्ले तीन, अन् मी सुया येचस ते माले एक? मंग मनं एकच बोट वाचनार का, बाई?"

मला युक्ती सुचली. मी परत आत गेले.

"साहेब, टोचायचं काम माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींना द्या. त्यांची प्रॅक्टिस होईल. सुरुवात सीनियॉरिटीप्रमाणे, तुमच्यापासून."

साहेबांशेजारी फाईल चाळणाऱ्या नानांनी मान वर केली. "या मुलींनी आधी कुणाला टोचलंय?"

"केळ्यांना. जळगावची केळी, चांगली जाड सालीची."

"आणि?"

"अजून एकही केळं ओरडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी नानांना जामनेरला तातडीचं काम निघालं. दोन बाबूंना ताप आला. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "आम्ही ऑफिसवाले रक्ताला कुठे हात लावतो? ज्यांना गरज आहे त्यांना आधी द्या. पूर्ण द्या."

मला एवढंच वाक्य हवं होतं. मी ते त्यांच्याकडून लगेच ऑर्डरमध्ये लिहून घेतलं.

सर्जन आले, बाही वर करून निमूट बसले. सिस्टर आल्या, लॅबवाले आले. अक्काने दंड पुढे केला आणि टोचणाऱ्या मुलीलाच धीर दिला, "टोच वं माय, मी काय केळं शे?" मी प्रत्येक मुलीच्या हाताला हात लावून उभी होते. ऑफिसात मात्र हे मी आधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही साहेबाला शास्त्र समजावण्याआधी मी सुई दाखवते. वेळ वाचतो.

ऑफिसवाल्यांच्या वाट्याचे डोस इकडे वळले आणि सहा महिन्यांनी वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, लॅब आणि सफाई, सगळ्यांचे तिन्ही डोस पूर्ण झाले.