डिचोली ते तेरेखोल: फिल्टरमधला काळा चुरा

१. डिचोली ते धारगळ गाडी तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा चढावर.
२. दहा मिनिटं थांबल्यावर प्रत्येक वेळी सुरू झाली.
३. पेट्रोलचा फिल्टर गेल्याच महिन्यात बदलला होता.

गाडी काकांची: दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, माझ्याहून तीस वर्षांनी मोठी. येत्या रविवारी ते काकूला घेऊन आंबोलीला निघणार आहेत. घाटाआधी गाडी पारखावी म्हणून मी त्यांना घेऊन तेरेखोलला निघाले.

"पेट्रोलात भेसळ," काका म्हणाले. मला पटलं नाही. भेसळ सपाटीवरही जाणवली असती.

धारगळला हायवेलगतच्या गॅरेजात मेस्त्रींनी फिल्टर काढला. मी हात पुढे केला. काढलेला भाग मी कुणाकडे सोडत नाही.

"बाये, माका चोर समाजतस?"

"अजून नाही."

आत काळा चुरा होता, बोटांत मऊ लागणारा. रबर. मेस्त्रींनी पाइप वाकवला. वरची विणलेली कापडी खोळ ठीक, आतलं रबर भेगाळलेलं. आताचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुनं रबर सडवतं. चुरा फिल्टरात अडकतो आणि चढावर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. शिवाय हा पाइप तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर आहे. गळला तर आग.

"हो पायप जुनोच. गाडी नवी केली तेव्हा बदललो नाय?" मेस्त्रींनी विचारलं. काका टायरकडे बघत राहिले.

सायलेन्सरजवळचा तुकडा बदलला, नवा फिल्टर बसवला. तासभर गेला. पेडण्याहून केरीचा रस्ता अरुंद, पण चांगला आहे. केरीला फेरीच्या धक्क्याजवळ पातळभाजी आणि उंडे पाव खाल्ले. शेवटची फेरीबोट किती वाजता, ते आधीच विचारून ठेवा.

बोटीवर गाडीचं इंजिन बंद केल्यावर काका बोलले. "गाडी नवी करणाऱ्याला मीच सांगितलं होतं, मूळचा पाइप ठेव म्हणून. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत लोक वाकून बघतात."

"काकू वाकून बघत नाही. ती आत बसलेली असते."

तेरेखोलच्या किल्ल्यावरून नदीचं मुख दिसतं.

परतताना गाडी एकदाही थांबली नाही, आणि तेवढ्यावर काका निर्धास्त झाले. म्हापशाला घरी येऊन मी तो चुरा भिंगाखाली पाहिला. पाइपचा टाकीवरचा तुकडाही त्याच वयाचा आहे आणि टाकी उतरवल्याशिवाय तो निघत नाही.

काका, हा ब्लॉग तुम्ही वाचता. आंबोलीआधी टाकी उतरवायला गाडी धारगळला आणणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.