आत्याबाईंच्या स्पॅनिश शेळ्या

येरमाळ्याच्या माझ्या चुलतसासूबाईंनी मनावर घेतलं, तर चंद्रावरून उतरलेल्या माणसालाही त्या ओट्यावर बसवतील, चहा पाजतील आणि कप खाली ठेवायच्या आत त्याचं आजोळ कुठलं हे काढून घेतील, याबद्दल आमच्या भावकीत दुमत नाही. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडं पद्धत, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणते. त्यांना बोलायला समोर माणूसच लागतं असं नाही. कुकरची शिट्टी झाली की "आले गं बाई" म्हणून त्या ओ देतात, आणि एसटी उशिरा आली तर ड्रायव्हरला काही न म्हणता एसटीलाच चार शब्द सुनावतात. मी धाराशिवला शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांशी बोलून संध्याकाळपर्यंत माझा घसा बसतो. आत्याबाईंचा बसलेला मी कधी ऐकला नाही.

लिहून ठेवणं त्यांना पटत नाही. कागद हरवतो, भिजतो, चुलीत जातो. म्हणून लक्षात ठेवायची प्रत्येक गोष्ट त्या डोळ्यांसमोर असलेल्या दुसऱ्या कशाला तरी बांधून टाकतात. माझा मोबाईल नंबर त्यांना स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळांवरून पाठ आहे, म्हणजे आधी पहाटेची बार्शी, मग कळंब, मग लातूर, आणि शेवटी मुक्कामाची गाडी. मध्यंतरी वेळापत्रक बदललं, तेव्हा बरेच दिवस त्यांचा फोन कुणा भलत्याच गृहस्थांना लागत होता. चूक कळूनही त्यांनी तो ठेवला नाही. पुढं त्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि आत्याबाई आहेराचं लुगडं घेऊन जाऊनही आल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा आयटीआय करून इथल्याच माळावरच्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीच्या कामाला लागला होता. कंपनीनं त्याला स्पेनला पाठवलं. तिथंही पवनचक्क्याच आहेत म्हटल्यावर आत्याबाईंना ते शेजारच्या वाशी-भूमच्या पलीकडंच कुठंतरी असावं असं वाटलं आणि त्यांनी आनंदानं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोन वर्षांत त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि आई काय म्हणेल या भीतीनं लग्न झाल्यावर कळवलं. आत्याबाई दोन दिवस गप्प बसल्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे तात्या, एवढे घाबरले की त्यांनी डॉक्टरला बोलावलं. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि राग संपला.

खरा राग आला तो त्या कॉलवर. आत्याबाई सुनेशी मनसोक्त बोलल्या. तू वाळलीयस, नीट जेव, आमची येडाई देवी जागृत आहे, चैत्रात यात्रेला ये, तुझ्यासाठी हिरवा चुडा ठेवलाय, मला लेक नव्हती, असं सगळं एका दमात. मुलगा मध्ये दुभाषा. त्यानं मान हलवून दोन शब्दांत ते सुनेला सांगितलं. एवढ्या बोलण्याचे दोनच शब्द कसे झाले, असं आत्याबाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, "आई, सारांश सांगितला."

"माझ्या बोलण्याचा सारांश काढणारा तू कोण?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या दोन शब्दांत 'नीट जेव' एवढंच पोचलं होतं. सुनेनं हळूच नवऱ्याला काहीतरी विचारलं आणि तिचा चेहरा उतरला. ती काय म्हणाली, हे मुलानं पुष्कळ आढेवेढे घेऊन सांगितलं. 'आई माझ्यावर रागावल्यात का?' असं तिनं विचारलं होतं. ही गोष्ट आत्याबाईंच्या फार जिव्हारी लागली. चैत्रात ती पोरगी दारात येईल, तेव्हा मी रागावले नाही हे मीच माझ्या तोंडानं, तिच्या भाषेत सांगणार, मधे कुणी नको, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

दर रविवारी मी मोबाईल घेऊन येरमाळ्याला जाऊ लागले. मलाही स्पॅनिश येत नव्हतं. मोबाईलमधलं भाषा शिकवायचं अ‍ॅप बोलायचं, मी ते मराठी वळणानं म्हणून दाखवायची आणि आत्याबाई शेंगा फोडत म्हणायच्या. सुरुवात झोकात झाली. मी, तू, ती, आपण असा माणूस बदलला की तिथलं क्रियापद शेपूट बदलतं, आणि बहुतेक क्रियापदं एकाच रीतीनं बदलतात. आत्याबाईंनी त्यांचं नाव मेंढ्या ठेवलं. एक वळली की सगळ्या वळतात. पण पुढं रीत मोडणारी क्रियापदं आली. 'येणे' हे त्यातलंच. बेंगो म्हणजे मी येते, बिएनेस म्हणजे तू येतेस, बिएने म्हणजे ती येते, आणि आपण आलो की पुन्हा भलतंच, बेनिमोस. मी वैतागले. आत्याबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्यात 'जा'चं 'गेला' हुतंय, तवा कोण रडलं का? ह्या शेळ्या हायत्या. शेळीला हाकून चालत न्हाय, तिचा सोभाव बघावा लागतो."

तरी मी शिक्षकी बाण्यानं एका पुठ्ठ्यावर रंगीत तक्ता करून आत्याबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यातल्या खांबाला टांगला. पुढच्या रविवारी गेले तर खांबाला नुसती सुतळी. तांबड्या शेळीनं 'येणे' खाल्लं होतं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. मी हळहळले, पण आत्याबाईंचा चेहरा उजळला. विद्या शेळीच्या पोटात गेलीच आहे, तर ती तिथंच राहू दे, असं म्हणून त्यांनी त्या तांबडीचं नाव बेंगो ठेवलं. ती हाक मारायच्या आधीच येते, म्हणून 'मी येते'. दोनदा बोलवावं लागणारी भुरी झाली बिएनेस. दुसरीच्या मागं गुपचूप येऊन तिचा पाला खाणारी बिएने. एकटी पाऊल न टाकणारी, सगळा गोतावळा घेऊन फिरणारी थोराड शेळी बेनिमोस. जुळ्या पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या दोन शेळ्या, झाल्या बिएनेन, 'त्या येतात'. आणि 'तुम्ही सगळे येता' याचा जो बेनीस, तो एका म्हाताऱ्या बोकडाला मिळाला, कारण आत्याबाईंच्या मते दोघांचाही उपयोग काही नाही, पण घरात आहेत. त्याच थंडीत बेंगोला एक काळं करडू झालं. ते सतत आत्याबाईंच्या पायात, म्हणून त्याचं नाव तेंगो, म्हणजे माझ्याजवळ आहे. स्पॅनिशमध्ये भूक, राग, वय, लेकरं, सगळं माणसाच्या जवळच असतं, हे आत्याबाईंना अतिशय पटलं होतं.

गावाला याची सवय व्हायला वेळ लागला नाही. लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला आत्याबाई बिएनेसला ताप आहे आणि बेनिमोसचं पोट फुगलंय असं सांगू लागल्या. शेजारीण नातवासाठी बिएनेचंच दूध पाहिजे म्हणून अडून बसू लागली. तात्या आधी चिडचिड करायचे. शेळ्यांना शेळ्या म्हणायची लाज वाटते का, असं विचारायचे. मग एका संध्याकाळी मी फाटकात उभी असताना माळावरून त्यांचाच आवाज आला, बिएनेन, बिएनेन, आणि मागोमाग जुळ्या धावत आल्या. मला बघून तात्या खोकले आणि टोपी नीट करू लागले.

एका शब्दावर मात्र घोडं अडलं. पुढचा धडा 'जाणे' हा होता. बोय, म्हणजे मी जाते. मी उच्चारला आणि आत्याबाईंनी मोबाईल पालथा घातला. "हे नको. आपल्या घरातून कुणी जाते म्हणत न्हाय. येते म्हणत्यात." मी समजावलं, की हा नुसता शब्द आहे. त्यांनी ऐकलं नाही. या नावाची शेळी दारात बांधली तर घर मोकळं व्हायचं, असं त्या म्हणाल्या. मोबाईलवाले तो धडा पुरा केल्याशिवाय पुढं जाऊ देईनात. आत्याबाई जाण्याच्या प्रत्येक प्रश्नाला येण्याचं उत्तर द्यायच्या, पडदा लाल व्हायचा, त्या पुन्हा तेच उत्तर द्यायच्या. महिनाभर दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही.

चैत्र आला. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा आणि सूनबाई हायवेला उतरले. भावकीतल्या बाया ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आत्याबाई इरकली नेसून, नाकात नथ घालून उंबऱ्यात उभ्या. भाकरतुकडा ओवाळून झाला. सूनबाईनं वाकून पायाला हात लावला आणि ती नवऱ्यानं शिकवलेलं "आई" एवढंच म्हणाली. आता आत्याबाई बोलणार म्हणून सगळा ओटा पुढं सरकला. आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. ज्या बाईचा आवाज त्या दोन दिवसांखेरीज कधी बंद पडला नव्हता ती नुसती सुनेकडं बघत राहिली. सूनबाईचा चेहरा कॉलवर उतरला होता तसाच उतरायला लागला. मुलगा लगबगीनं पुढं झाला आणि त्यानं दुभाष्याचं काम सुरू केलं.

काय झालं होतं ते मला तेव्हा उमगलं. परदेशची पाहुणी येणार, दारात लेंड्या नकोत, म्हणून तात्यांनी उजाडतानाच अंगण झाडून शेळ्या माळावर नेल्या होत्या. सगळं स्पॅनिश शेळ्यांबरोबर चरायला गेलं होतं. आत्याबाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी मुलाला हातानंच गप्प केलं, सुनेचं मनगट धरलं आणि बायांमधून वाट काढत थेट माळाची वाट धरली. मागं मी, हातात दोघींच्या चपला घेऊन.

बांधावर उभ्या राहून त्यांनी हाक दिली, बेंगो. तांबडी मान वर करून निघाली. मग एकेकीचं नाव घेत त्यांनी सगळ्यांना बोलावलं. स्वतःच्या भाषेतलं 'येते, येतेस, येते' त्या माळावर शेळ्यांच्या रूपानं धावत येताना पाहून सूनबाईनं आधी तोंडावर हात ठेवला, मग ती मोठ्यानं हसायला लागली. आत्याबाईंनी काळं करडू उचलून छातीशी धरलं. त्यांची जीभ सुटली.

"नो तेंगो राबिया," त्या सुनेला म्हणाल्या. माझ्याजवळ राग नाही. मग करडू तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "तेंगो इखा."

इखा म्हणजे लेक. माझ्याजवळ लेक आहे. सूनबाई करडासकट मातीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. तात्या पाठ फिरवून पवनचक्क्यांकडं बघू लागले. मी रडलेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात दुभाष्याला कुणी विचारलं नाही. यात्रेत चुन्याच्या रानात दोघींनी शेजारी बसून रिवाजाप्रमाणं देवीसाठी चुनखडीचे खडे वेचले. सूनबाईनं भाकरी थापायला घेतली, तिचे नकाशे होऊ लागले, आणि ते बेनीस बोकडानं आनंदानं खाल्ले. आत्याबाईंचं स्पॅनिश शेळ्यांच्या गोठ्यापलीकडं फारसं जात नव्हतं, पण त्यांच्या बोलण्याला व्याकरण कधीच पुरलेलं नाही. दोघी तासन्‌तास काय बोलत, ते मला कळलं नाही, आणि मी सारांशही विचारला नाही.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. गाडी लागली. सूनबाईनं आत्याबाईंना मिठी मारली आणि ती म्हणाली, "मे बोय, आई." मी जाते.

आत्याबाईंनी तिचे दोन्ही दंड धरले. "न्हाय. बोय न्हाय म्हणायचं. बेंगो म्हण."

मुलगा सांगायला लागला, की आई, निघताना तिकडं असं म्हणत नाहीत. सूनबाईनं त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. आत्याबाईंकडं बघत ती सावकाश म्हणाली, "बेंगो, आई." मग गाडीत चढली.

अजूनही मी रविवारी येरमाळ्याला जाते. पुढचा धडा घेऊ या का, असं मी एकदा विचारलं. आत्याबाईंनी शेंगा फोडता फोडता मान हलवली. जेवढं लागतं तेवढं आलं, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी शेळ्या परततात. आत्याबाई फाटकात जाऊन हाक मारतात, बेंगो, आणि तांबडी कधीच पायाशी येऊन उभी असते, तरी त्या आणखी एकदा तीच हाक मारतात, जरा मोठ्यानं, हायवेच्या दिशेनं. शेळ्या सगळ्या आत आल्या तरी फाटक त्या लगेच लावत नाहीत.